स्पर्श : अंगाचा राखणदार

सेमाडोहच्या सिपना नदीवरून भरलेली घागर आणताना एक गोष्ट ध्यानात घ्या. ओली घागर जराशी निसटू लागली, की बोटे आपोआप घट्ट होतात. डोळ्यांनी पाहावेही लागत नाही. मग बोटांना हे सांगतं कोण? त्यांची कातडीच सांगते.

कातडीला दोन गोष्टी कळतात. दाब किती पडला, ही एक. ओढ कोणत्या बाजूला आहे, ही दुसरी. दोऱ्यासारखे बारीक ज्ञानतंतू ही खबर मेंदूकडे नेतात.

कुष्ठरोगात हे ज्ञानतंतू निकामी होऊ शकतात. मग काटा रुतला तरी कळत नाही. वहाण घासते, चटका बसतो, तेही कळत नाही. जखम चिघळते. रोगाने बोटे झडतात, असं लोक समजत. १९४६ साली वेल्लोरच्या इस्पितळात आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की पुष्कळ नुकसान अशा न कळलेल्या जखमांनी होते. त्याच साली आपल्या अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवनात कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम उभे केले.

पुढे अमेरिकेत डॉ. ब्रँड यांनी दाब ओळखणारे हातमोजे आणि जोडे करून पाहिले. दाब जास्त झाला की आवाज होई. पण ती साधने लवकर बिघडत. ते काम तडीस गेले नाही.

आता शास्त्रज्ञ रबरासारखी लवचीक पट्टी बनवतात. तिच्यावर मऊ उंचवटा असतो, आणि त्याखाली दाब ओळखणारे चार बारीक तुकडे. हे कसं चालतं? ओल्या मातीत बाज ठेवा. मधोमध बसलात, तर चारही पाय सारखे रुततात. उजवीकडे कललात, तर उजवे पाय जास्त रुततात. पट्टीचेही तसेच. कोणत्या तुकड्यावर दाब वाढला, हे विजेच्या फरकाने कळते. त्यावरून ओढ कोणत्या दिशेला, ते यंत्र ओळखते. म्हणून यंत्राच्या हाताला अंडे न फोडता उचलता येते. जोड्यात पट्टी घालून पाय कोठे घासतो, हे पाहण्याचेही प्रयत्न चालू आहेत. मधुमेहानेही पाय बधिर होतात. त्या रोग्यांनाही तिचा उपयोग होईल.

पण अशी पट्टी गावात येईपर्यंत थांबू नका. अंगावर फिका किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लाजू नका, लपवू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोगाचे औषध तिथे फुकट मिळते. ते सहा महिने किंवा बारा महिने घ्यावे लागते. पुरते घेतले, तर रोग बरा होतो.

ज्याचा पाय बधिर झाला आहे, त्याने रोज संध्याकाळी तळवे पाहावेत. वहाण घालण्याआधी झटकावी. गरम भांडे फडक्यानेच धरावे. कातडीला कळेनासे झाले, की तिचे काम डोळ्यांनी करायचे असते.