बालकांच्या श्वासाची शिरगणती

वावड्याचे रोग, म्हणजे दमा, ऋतुमानानुसार उसळणाऱ्या शिंका आणि लहानग्यांच्या कोपरांच्या व गुडघ्यांच्या खळग्यांत उठणारा इसब, यांची मोजदाद देवीच्या मोजदादीपेक्षा कितीतरी अवघड आहे. कारण देवी आपला व्रण चेहऱ्यावर ठेवून जाई, परंतु रात्रभर धाप लागून उशांना टेकून बसलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेतील वैद्यकीय तपासणीत इतरांसारखेच ठणठणीत दिसू शकते. शिवाय एका देशात डॉक्टरांचा दाखला प्रमाण, तर दुसऱ्या देशात मातेचे सांगणे प्रमाण, अशी स्थिती असल्यामुळे निरनिराळ्या ठिकाणचे आकडे परस्परांशी ताडून पाहण्याची सोय फारशी नव्हती.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९९१ साली ‘आयझॅक’ या नावाची आंतरराष्ट्रीय पाहणी सुरू झाली. ऑकलंडच्या बालरोगतज्ज्ञ इनेस ॲशर तिच्या अग्रणी होत्या. १३-१४ वर्षांच्या मुलांनी स्वतः, आणि ६-७ वर्षांच्या मुलांच्या वतीने पालकांनी, गेल्या १२ महिन्यांत छातीत घरघर किंवा शिटीसारखा आवाज झाला काय, अशा ठराविक प्रश्नांचा तक्ता भरून द्यावयाचा, ही तिची पद्धत. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पहिल्या फेरीचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ५६ देशांतील १५५ केंद्रांवरच्या ४,६३,८०१ किशोरांची उत्तरे जमेस धरली होती, आणि केंद्राकेंद्रांतील तफावत २० पटींपासून ६० पटींपर्यंत निघाली. दम्याच्या लक्षणांत ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व आयर्लंड अग्रस्थानी होते. इंडोनेशिया, ग्रीस, चीन आणि आपला देश तळाशी.

एवढी तफावत केवळ आनुवंशिकतेने पडणे संभवत नाही, याचा सबळ पुरावा जर्मनीत मिळाला. एकीकरणानंतर एरिका फॉन मूटिउस यांनी पूर्वेकडील धुराने कोंदलेल्या लाइपझिग व हाले येथील मुलांची तुलना म्युनिकच्या मुलांशी केली, तेव्हा दूषित हवेत वाढलेल्या मुलांनाच वावडी अधिक असणार हा सर्वमान्य तर्क उलटा ठरला. परागांमुळे येणाऱ्या शिंकांचे प्रमाण म्युनिकमध्येच अधिक आढळले. त्याआधी १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १९५८ च्या मार्च महिन्यातील एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांच्या नोंदी तपासून दाखविले होते की, ज्या मुलाला थोरली भावंडे अधिक, त्याला हा विकार कमी. बाल्यातील जंतुसंसर्ग प्रतिकारशक्तीला वळण लावत असावा, हा त्यांचा तर्क पुढे फार गाजला. मात्र त्यावरून अस्वच्छतेची थोरवी गाणे मला सर्वथा गैर वाटते, कारण त्याच अस्वच्छतेमुळे आपल्याकडे अतिसाराने किती बालके नेली, याचे विस्मरण होता कामा नये.

भारतीय केंद्रांत अकोला व पुणे यांचाही समावेश होता. आपला आकडा लहान आला यात समाधान मानण्याजोगे काही असले, तरी तो पुरता विश्वासार्ह मानण्यास मी तयार नाही. आपल्या घरांत ‘बाळदमा आहे, वयात आल्यावर जाईल’, ‘त्याचा कोठाच कफाचा’, असे म्हणून वर्षानुवर्षे काढा पाजला जातो. मुलगी उपवर होण्याच्या वयाची असेल तर दम्याचे नावच दडपले जाते, आणि पंपाची सवय लागते या निराधार भयापायी तोच औषधोपचार टाळला जातो, ज्यात औषध अत्यल्प मात्रेत थेट फुप्फुसात पोहोचते. या टाळाटाळीची किंमत मृत्यूच्या हिशेबात दिसते: जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक येथे घडतात.

म्हणून ज्यांचे मूल पहाटे खोकत उठते, खेळताना मधूनच थांबून छाती धरते, त्या पालकांना आग्रहाची विनंती आहे की त्यांनी ते मोठे होण्याची वाट न पाहता त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, आणि पंप लिहून दिला तर तो निःशंकपणे, त्यांच्या सल्ल्याशिवाय मध्येच बंद न करता द्यावा.