क्षेत्रकार्यातील सुरक्षितता : हरसूल परिसरातील बोली-अभ्यासाचे नियोजन



१. प्रास्ताविक

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेक नमुने स्थानिक अधिकाऱ्यांमार्फत मागवलेले होते. आजचा बोली-अभ्यासक असे घरबसल्या काम करत नाही. तो भाषकांच्या गावी जातो, त्यांच्या ओसरीवर बसतो आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करतो. त्यामुळे अभ्यासाची विश्वसनीयता वाढते. त्याबरोबरच एक नवी जबाबदारीही येते. परक्या गावात, आपल्या माणसांपासून दूर असलेला अभ्यासक सुरक्षित राहील, याची व्यवस्था कोणी आणि कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

२. गाव हेच कामाचे ठिकाण

राजस्थानच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरी देवी यांनी एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यांचे कार्यालय म्हणजे त्यांचे गावच होते. या घटनेतून उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. कामानिमित्त भेट दिलेले ठिकाण व त्यासाठी पुरवलेले वाहन यांचाही समावेश हा कायदा कामाच्या ठिकाणात करतो.

आपल्या दृष्टीने विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम अधिक महत्त्वाचे आहेत. त्यांनुसार क्षेत्रभेट, अभ्याससहल, शिबिर यांची स्थळे शिक्षणसंस्थेच्या आवारात मोडतात. ‘विद्यार्थी’ या संज्ञेत दूरशिक्षणाने शिकणाऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजेच हरसूलच्या एखाद्या पाड्यावर आपण लघुप्रकल्पासाठी गेलात, तरी संस्थेचे उत्तरदायित्व आपल्यासोबत येते. बाहेरच्या व्यक्तीने केलेल्या छळाची दखलही या विनियमांत घेतलेली आहे. छळाला मुख्यतः स्त्रिया बळी पडत असल्या, तरी काही पुरुष व तृतीयपंथी विद्यार्थीही त्याला सामोरे जातात, हे विनियम मान्य करतात.

३. धोका कोठे निर्माण होतो?

गावाबाहेरून येणारा धोका सर्वांना चटकन दिसतो. संघातील धोका मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. मार्गदर्शकाच्या हाती गुण असतात, गाडीची किल्ली असते, मुक्कामाची व्यवस्था असते. अशा वेळी विद्यार्थिनीला ‘नाही’ म्हणणे कठीण जाते. म्हणून गुण देणारी व्यक्ती आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती एकच असू नये.

भाषाभ्यासकाने आणखी एक भेद जाणला पाहिजे. हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यात गुजरातच्या सीमेजवळ आहे. तेथे कोकणा, महादेव कोळी, वारली या समाजांची वस्ती आहे. अशा परिसरातील बोलींत आदरार्थी बहुवचन प्रमाण मराठीइतके रूढ असेलच असे नाही. एखाद्या आजीने आपणास ‘तू’ म्हटले, तर तो अनादर नव्हे. परंतु नकोशी लगट, अंगचटीला येणे, नकारानंतरही चालू राहिलेली द्व्यर्थी शेरेबाजी यांना ‘इथली रीत’ म्हणून झाकता येणार नाही. समोरच्या व्यक्तीला ते नकोसे आहे, हाच येथे निकष आहे.

४. जाण्यापूर्वीचे नियोजन

(अ) एकट्याने जाऊ नये. किमान दोघांचा गट असावा. गटात विद्यार्थिनी असल्यास सोबत दुसरी स्त्री असावी.

(आ) ग्रामपंचायतीला पूर्वकल्पना द्यावी. मुलाखती अंगणात, ओसरीवर किंवा शाळेत घ्याव्यात.

(इ) मुक्कामाची जागा आधी पाहावी. आतून लागणारी कडी, दिवा आणि स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का, याची खात्री करावी.

(ई) परतीच्या शेवटच्या एस.टी.ची वेळ ठाऊक असावी. डोंगराळ भागात भ्रमणध्वनीची रेंज गृहीत धरू नये. केंद्रावरील एका व्यक्तीला दिवसाचा मार्ग कळवावा. ठरल्या वेळी संपर्क न झाल्यास तिने काय करायचे, हेही लिहून ठेवावे.

(उ) हरसूल पोलीस ठाणे व ग्रामीण रुग्णालय यांचे क्रमांक, तसेच ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे क्रमांक कागदावर जवळ ठेवावेत.

(ऊ) काम अर्धवट सोडून परत येण्याची मुभा आधीच लेखी द्यावी. सुरक्षिततेसाठी परतलेल्याचे गुण कापले जाऊ नयेत.

ही काळजी निवेदकांनाही लागू आहे. एखाद्या स्त्रीला ध्वनिमुद्रण नको असेल, तर आग्रह धरू नये. तिचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये.

५. प्रसंग घडल्यास

प्रथम सुरक्षित ठिकाणी पोहोचावे. काम नंतर पाहता येईल. मग घडलेले लिहून काढावे. क्षेत्रकार्यात आपण निवेदकाचे उद्गार जसेच्या तसे टिपण्यास शिकतो. तीच सवय येथे उपयोगी पडते. ‘ते काहीतरी वाईट बोलले’ असे न लिहिता बोललेले नेमके शब्द, दिनांक, वेळ, स्थळ आणि उपस्थित व्यक्ती नोंदवाव्यात. ‘थट्टा’, ‘गंमत’ असे सौम्य शब्द वापरून घटनेचे गांभीर्य कमी करू नये.

अंतर्गत तक्रार समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी, अशी तरतूद आहे. प्रकरण विद्यार्थ्याशी संबंधित असल्यास समितीत विद्यार्थी-प्रतिनिधीही असतात. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. कृत्य गुन्ह्याच्या स्वरूपाचे असेल, तर कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही.

६. समारोप

भीतीच्या छायेत गोळा केलेली सामग्री अपुरी राहते. घाबरलेला अभ्यासक नीट ऐकू शकत नाही. म्हणून प्रकल्पाच्या आराखड्यात प्रश्नावली व ध्वनिमुद्रक यांच्याइतकेच स्थान सुरक्षिततेच्या नियोजनाला द्यावे. आराखडा मंजूर करून घेताना समंत्रकांना हे नियोजन दाखवण्यास सांगणे हा आपला हक्क आहे. तो मागण्यात संकोच बाळगू नये.

आपली प्रगती तपासा

१. क्षेत्रभेटीचे स्थळ ‘आवार’ का मानले जाते?

२. आपल्या परिसरातील एका गावासाठी दोन दिवसांच्या बोली-अभ्यासाचा सुरक्षितता-आराखडा तयार करा.