लाल निशाणाखालचे कुरण

नाशिकजवळ आंबेबहुला गावाच्या डोक्यावर बहुला किल्ला उभा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या बऱ्याच किल्ल्यांवर हल्ली सुट्टीच्या दिवशी जत्रा भरते. बहुल्यावर जायचे तर आधी चौकशी करावी लागते, कारण हा किल्ला देवळालीच्या तोफखान्याच्या सराव क्षेत्रात येतो. सराव असला की लाल निशाण लागते, वाटा बंद होतात आणि गुराखी गुरे मागे वळवतात. तोफा गप्प झाल्या की तीच गुरे पुन्हा त्याच माळावर येतात.

देवळाली हे नाव आम्हा खानदेशकरांच्या तोंडी रेल्वेमुळे बसले. देवळाली-भुसावळ पॅसेंजरने जळगाव, पाचोरा, चाळीसगावच्या किती पिढ्या नाशिकला नेल्या-आणल्या याची मोजदाद नाही. तोफखान्याच्या या जमिनीकडे माझे लक्ष गेले ते मात्र मेहरूणमुळे. मेहरूणचा तलाव आणि मेहरूणची बोरे ही जळगावची ओळख. ती बोरे ज्या माळाने दिली तो माळ शहराने कसा गिळत आणला, हे इथल्या कुणाला सांगावे लागत नाही. जिच्यावर पीक नाही आणि इमारतही नाही अशी जमीन सातबाऱ्यावर पडीक ठरते, आणि पडीक ठरली की आज ना उद्या तिचे प्लॉट पडतात. नाशिक तर जळगावपेक्षा कितीतरी वेगाने वाढले. तरी देवळालीच्या बाजूला गवताचा एवढा मोठा सलग पट्टा उरला, तो तोफगोळ्यांच्या धाकाने. आजवर तो योगायोगाने वाचला. यापुढे तो ठरवून वाचवायला हवा, आणि ते काम ज्यांच्या ताब्यात जमीन आहे त्यांचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

काकूल इथे 1923मध्ये सुरू झालेली तोफखाना शाळा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देवळालीत आली. फाळणीनंतर काकूल पाकिस्तानात राहिले आणि देवळाली हेच भारतीय तोफखान्याच्या शिक्षणाचे मुख्य ठाणे झाले. तोफखान्याला जमीन लागते ती विचित्र पद्धतीने. तोफ उभी राहते एका जागी, गोळा पडतो दुसरीकडे आणि तो कुठे पडला हे टिपणारा अधिकारी तिसऱ्याच टेकडीवर दुर्बीण लावून बसलेला असतो. या तिन्हींच्या मधली सगळी जमीन माणसांपासून मोकळी ठेवावी लागते. प्रत्यक्ष गोळे पडतात ते क्षेत्र त्या मानाने लहान. बाकीच्या मोठ्या भागाला वर्षानुवर्षे नांगर लागत नाही आणि पायाही खणला जात नाही.

दुसऱ्या महायुद्धातली 25 पौंडी तोफ साधारण 12 किलोमीटरपर्यंत मारा करायची. नोव्हेंबर 2018मध्ये देवळालीतच लष्करात दाखल झालेली के-9 वज्र ही 155 मिलिमीटरची तोफ 38 किलोमीटरच्याही पुढे गोळा टाकते. म्हणजे तोफांचा पल्ला तिपटीने वाढला आणि जमीन होती तेवढीच राहिली. पूर्ण पल्ल्याचा मारा करायचा तर पोखरणच्या वाळवंटाची वाट धरावी लागते. अशा वेळी जुन्या रेंजवर दोन्ही बाजूंनी दाब येतो. लष्कराला वाटते आणखी जमीन हवी आणि शहराला वाटते आता ही तरी मोकळी करा. गवताची बाजू मांडणारे त्या बैठकीत कुणी नसते.

कायद्याचा पाया 1938चा आहे. लष्करी कवायती, मैदानी गोळीबार आणि तोफांचा सराव यांच्यासाठी केलेला तो कायदा आजही लागू आहे. राज्य सरकार ठरावीक मुदतीसाठी क्षेत्र अधिसूचित करते, लोकांना आगाऊ सूचना द्यावी लागते, धोक्याच्या पट्ट्यातून माणसे हलवावी लागली किंवा पिकाचे, मालमत्तेचे नुकसान झाले तर महसूल अधिकारी भरपाई ठरवतो. कवायतींच्या प्रकरणात एक कलम मला फार मोलाचे वाटते: वापरलेली जमीन शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितकी पूर्ववत करून देण्याची जबाबदारी तिथल्या लष्करी अधिकाऱ्यावर टाकलेली आहे. पर्यावरणाची भाषा सरकारदरबारी रूढ होण्याच्या कितीतरी आधी हे लिहिले गेले.

पूर्ववत करायचे म्हणजे काय, हे मात्र जमिनीवर वाकून पाहिल्याशिवाय समजत नाही. रणगाडा सरळ गेला तर गवत चेपते, पण मुळे शाबूत राहतात आणि एका पावसात ते उठून उभे राहते. तोच रणगाडा जागच्या जागी वळला की पट्ट्याखालची माती मुळांसकट सोलून निघते. दख्खनच्या माळावर मुरमावर मातीचा थर मुळातच वीतभर. तो खरवडला गेला की पहिल्या वळवात तिथून ओहोळ सुरू होतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याची घळ होते. पावसाळ्यात काळ्या मातीत अवजड वाहने घातली तर ती माती दाबून विटेसारखी करतात. मग पाणी मुरत नाही आणि बी रुजत नाही. म्हणून कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेने जायचे, वळायचे कुठे, ओढा कुठे ओलांडायचा आणि तिथे दगडांची फरसबंदी कुठे करायची, हे ठरवणे म्हणजेच सराव भूमीचे व्यवस्थापन. वापरलेल्या पट्ट्याला विश्रांती देऊन सराव दुसऱ्या पट्ट्यात नेणे हे तर आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे.

गोळा पडतो तिथली गोष्ट वेगळी. 155 मिलिमीटरच्या एका गोळ्याचे वजन चाळीस किलोच्या वर. त्याच्या खड्ड्यात पाऊस साचतो, काठाने हिरवळ धरते, पाखरे पाण्यावर येतात. पण त्याच मातीत स्फोटकांचे अंश आणि धातूचे तुकडे राहिलेले असतात. आरडीएक्स मातीला फारसे चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर खाली झिरपते. त्यामुळे रेंजच्या उताराला असलेल्या गावांच्या विहिरींचे पाणी नियमाने तपासणे आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणे ही मेहेरबानी मानता कामा नये. त्याहून भयंकर आहेत न फुटलेले गोळे. नगरच्या सराव क्षेत्राभोवती भंगारासाठी असे गोळे वेचताना, फोडताना माणसे मेली आहेत. पितळ-तांब्याच्या चार पैशांसाठी माणूस ते हातात घेतो, तेव्हा दोष केवळ त्याच्या अडाणीपणाला देऊन चालत नाही. प्रत्येक सरावानंतर शोधमोहीम कितपत कसून झाली, हेही विचारले पाहिजे.

खारेकर्जुने गावाच्या आद्याक्षरांवरून ज्याला के. के. रेंज म्हणतात ते हे नगरचे क्षेत्र. आर्मर्ड कोअरच्या केंद्रामुळे इथे रणगाड्यांचा सराव चालतो. नगर, राहुरी आणि पारनेर या तीन तालुक्यांतल्या 23 गावांच्या जमिनी रेंजच्या वाढीव क्षेत्रात जाणार, या धास्तीने 2020मध्ये तिथले लोक उठले. मुळा धरणासाठी एकदा विस्थापित झालेली कुटुंबे त्यांत होती. त्यांना गवत-पाखरांचे कौतुक सांगायला जाणारा माणूस आधी त्यांच्या भीतीला उत्तर देऊ शकला पाहिजे. झारखंडमधल्या नेतरहाटला आदिवासींनी जवळपास तीन दशके अशीच लढत दिली आणि 2022मध्ये राज्य सरकारने तिथल्या सराव क्षेत्राची मुदत न वाढवण्याचा निर्णय घेतला. लोकांना बाजूला सारून राखलेली जमीन टिकत नाही. चराईचे दिवस, गवत कापण्याचा हक्क, सरपणाची वाट हे कागदावर यायला हवे.

आता माळढोकाकडे येतो. महाराष्ट्राने 1979मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर केले, तेही 8,496 चौरस किलोमीटरचे. शेती, गावे, रस्ते सगळे त्यात आले, लोक वैतागले, पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले आणि पक्षी तर हातचा गेल्यातच जमा आहे. तोच माळढोक राजस्थानात उरला आहे तो मुख्यतः दोन ठिकाणी: जैसलमेरचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आणि पोखरणचे फायरिंग रेंज. गोळ्यांचा आवाज तो सोसतो, पण विजेच्या तारा, नांगरलेला माळ आणि मोकाट कुत्री त्याला सोसत नाहीत. अभयारण्याच्या पाटीपेक्षा रेंजचे कुंपण त्याला अधिक उपयोगी पडले, हे कटू असले तरी खरे आहे.

अमेरिकेने हा योगायोग कायद्यात बसवला. 1960च्या साइक्स कायद्याने लष्करी तळांवरच्या वन्यजीवांची काळजी लष्कराकडे दिली आणि 1997च्या दुरुस्तीने प्रत्येक मोठ्या तळाला नैसर्गिक साधनसंपत्तीचा एकत्रित आराखडा सक्तीचा केला. नॉर्थ कॅरोलिनातल्या फोर्ट ब्रॅगवर पाइनच्या जिवंत झाडात ढोली कोरणारा एक दुर्मीळ सुतारपक्षी राहतो. त्याच्या झाडांभोवती 1990च्या सुमारास सरावावर बंधने आली तेव्हा लष्कर आणि वन्यजीव खाते एकमेकांसमोर उभे ठाकले होते. मग दोघांनी मिळून पाइनवनात ठरवून आगी लावल्या, झाडांत लाकडी ढोल्या बसवल्या, तळाबाहेरची जमीनही संवर्धनासाठी राखली. 2006मध्ये पक्ष्यांच्या संख्येचे उद्दिष्ट गाठले गेले आणि सरावाची बंधने सैल करता आली. त्या पाइनवनाला अधूनमधून आगीची गरज असतेच. गोळ्यांच्या ठिणग्यांनी ते काम आपोआप होत होते, म्हणून तर पक्षी तिथे उरला होता.

आगीची ही गोष्ट आपल्याकडे जशीच्या तशी लावू नये. आपल्या माळावर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते दिवाळीनंतर वाळून कोळ होतात आणि एका ठिणगीने डोंगरच्या डोंगर पेटतो. कुसळी आगीतून तरते आणि फोफावते, गुरांना गोड लागणारा पवन्या मागे पडतो. वारंवार जळणारा माळ म्हणून निकस होत जातो. त्यावर उपाय गावाला पाठ आहे: पावसाळा सरताच जाळरेषा काढायच्या आणि बाकीचे गवत वेळेवर कापून चारा म्हणून गावाला द्यायचे. ब्रिटिश काळापासून लष्कर घोड्यांसाठी आपली कुरणे राखत आले होते. लष्करी गोशाळांचे जाळेही 1889पासून होते, त्यातल्या 39 गोशाळा बंद करण्याचा निर्णय 2017मध्ये झाला. गवत जाणणारी ती नजर त्यांच्याबरोबर जाऊ नये असे फार वाटते.

कारण आज लष्कराच्या पर्यावरणकार्याचे नाव काढले की झाडे लावणे एवढेच डोळ्यांसमोर येते. ते काम थोर आहे यात शंका नाही. 1982मध्ये उभ्या राहिलेल्या प्रादेशिक सेनेच्या 127व्या पर्यावरण बटालियनने मसुरीचे चुनखडीच्या खाणींनी सोलवटलेले डोंगर पुन्हा हिरवे केले. मराठवाड्यातही 2017मध्ये महार रेजिमेंटशी जोडलेली अशी बटालियन उभी राहिली आणि निवृत्त जवान उजाड टेकड्यांवर खड्डे खणू लागले. पण उजाड डोंगर वेगळा आणि गवताचा माळ वेगळा. खोकड, ससा, टिटवी, चंडोल, लांडगा यांना उघडे आकाश लागते. तिथे ओळीने रोपे लावली तर हिरवळ वाढल्याचा फोटो निघतो आणि माळ संपतो. सराव भूमीवर झाडे लावण्याचे उद्दिष्ट देणाऱ्याने आधी तिथे कोणते गवत आहे हे पाहावे. हिवर, खैर, बोर, हिंगणबेट हे मुळात तिथलेच आहेत आणि त्यांना नुसती राखण पुरते.

देवळाली आणि नगरसाठी आराखडा करायचा झाला तर बरेचसे साहित्य लष्कराकडे तयार असणार. कोणत्या दिवशी कुठून कुठे किती गोळे टाकले याची नोंद शिस्तीची सेना ठेवतेच. त्या नोंदीशेजारी वणव्याची तारीख, विहिरीच्या पाण्याचा निकाल, गवताची प्रत आणि दिसलेले प्राणी यांचे रकाने आखले, ते भरायला वन खात्याचा माणूस आणि गावचा गुराखी बरोबर घेतला, तर सुरुवात पुढच्या पावसाळ्याआधी होऊ शकते. काश्मीरमधल्या तोसामैदानचा लष्करी सरावासाठीचा 1964चा करार 2014मध्ये संपला, तेव्हा पन्नास वर्षांचे न फुटलेले गोळे शोधायला जवान त्या कुरणात उतरले. नंतर मैदान पर्यटकांसाठी खुले झाले. देवळालीची जमीन उद्या लष्कराकडे राहो वा न राहो, कुठला गोळा कुठे पडून राहिला आहे हे आजच लिहून ठेवणे हेच तिथे चरणाऱ्या गुरांच्या आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या पोरांच्या हिताचे आहे.