पाहुणा बदलला की चादर बदललीच पाहिजे! होमस्टेवाल्यांनी अंथरूण-पांघरूण किती दिवसांनी धुवावं?

दापोली : मे महिन्यातला शनिवार. सकाळी अकराला एक कुटुंब खोली सोडतं आणि दुपारी एकला दुसरं दारात उभं राहतं. मधल्या दोन तासांत झाडलोट, न्हाणीघर, पाहुण्यांचं जेवण, सगळंच उरकायचं असतं. पलंगावरची चादर बघितली तर तशी स्वच्छच दिसते. एकच रात्र तर झोपले होते. झटकून, ताणून परत अंथरली तर कोणाला कळणार?

किनारपट्टीवर ज्यांनी घरातल्या दोन-चार खोल्या पर्यटकांना दिल्यात, त्यांच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मुरुड, कर्दे, लाडघर, आंजर्ले, केळशीपासून गुहागर, वेळणेश्वर, गणपतीपुळ्यापर्यंत हंगामात सगळीकडे हीच धावपळ. त्यात विहिरीचं पाणी नेमकं याच दिवसांत तळाला गेलेलं. म्हणून कोणती वस्तू दर वेळी धुवायची, कोणती महिन्याने आणि कोणती फक्त उन्हात टाकून चालते, हे नीट समजून घेतलेलं बरं. पाणीही वाचतं आणि नावही जात नाही.

एका रात्रीत अंथरुणाला काय लागतं?

माणूस झोपतो तेव्हा घाम, अंगाचं तेल, केसांचं तेल आणि त्वचेचे बारीक कण चादरीवर पडत राहतात. आपल्याकडे समुद्रावरून आलेल्या माणसाच्या अंगाला मीठ आणि वाळूही असते. हे डोळ्यांना दिसत नाही, पण दमट हवेत त्याचा कुबट वास यायला वेळ लागत नाही.

त्वचेच्या या कणांवर धुळीतले अतिसूक्ष्म किडे जगतात. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेमुळे दमेकरी आणि ॲलर्जीच्या माणसाला शिंका, नाक गळणं, धाप लागणं असा त्रास होतो. दमट हवा त्यांना मानवते, म्हणून कोकणात जास्तच जपायला हवं.

दुसरी गोष्ट नायटा आणि खरजेची. नायट्याची बुरशी चादर, टॉवेल, उशीच्या अभ्र्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवस जगतो. म्हणजे शुक्रवारी खरूज असलेला माणूस झोपून गेला आणि शनिवारी त्याच चादरीवर दुसऱ्याचं लेकरू झोपलं, तर धोका आहेच. आलेल्या पाहुण्याला काय आजार आहे हे आपल्याला कळणार नसतं. म्हणून नियम सगळ्यांना एकच लावायचा.

कोणती वस्तू कधी धुवायची?

*गादीवरची चादर आणि उशीचे अभ्रे :* प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी धुतलेलेच. आधीचा माणूस एक रात्र राहिला असो की फक्त दुपारची दोन तास झोप काढून गेला असो, यात सूट नाही.

*अंगावर घ्यायची चादर :* हीसुद्धा प्रत्येक पाहुण्यामागे. अनेक ठिकाणी खालची चादर बदलतात आणि पांघरूण घडी घालून तसंच ठेवतात. पण पांघरूण तोंडाजवळ येतं, हे विसरू नये.

*टॉवेल :* प्रत्येक पाहुण्यासाठी नवा. तोच पाहुणा राहत असेल तर दोन दिवसांनी बदलावा, ओला वास येत असेल तर लगेच.

*जाड ब्लँकेट, रजई :* खोळ घातलेली असेल तर खोळ प्रत्येक पाहुण्यामागे आणि आतली रजई हंगामात महिन्यातून एकदा. खोळ नसेल तर रजईच दर वेळी धुवावी लागेल, आणि ते कोणाच्याच आवाक्यातलं नाही. त्यामुळे खोळ शिवून घेणं स्वस्त पडतं.

*गोधडी :* शहरातल्या पाहुण्यांना गोधडीचं फार कौतुक. पण ती धुवायला जड आणि वाळायला त्याहून जड. आतून एक धुतलेली चादर जोडून द्यावी, म्हणजे गोधडी थेट अंगाला लागत नाही.

*उशी :* अभ्र्याच्या आत चेन असलेली दुसरी खोळ घालावी. आतली खोळ महिन्याने आणि धुण्यासारखी उशी असेल तर तीन-चार महिन्यांनी धुवावी. कापसाच्या उशीला डाग पडले, गाठी झाल्या, की ती बदलावी.

*गादी :* गादी धुता येत नाही, म्हणून तिच्यावर पाणी न झिरपणारं कव्हर हवं. ते महिन्यातून एकदा, आणि डाग पडला तर त्याच दिवशी धुवायचं. गादीला पंधरा दिवसांनी दोन्ही बाजूंनी कडक ऊन दाखवावं. कापसाची गादी अधूनमधून पिंजून घेऊन नवी खोळ घालावी.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासमध्ये कासव महोत्सवाला येणारे लोक गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. अशा वेळी एका खोलीत ओळीने गाद्या घातल्या जातात. तिथंही नियम तोच : माणसागणिक एक चादर, एक अभ्रा, एक पांघरूण.

तोच पाहुणा चार दिवस राहिला तर?

रोज बदलायची गरज नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी चादर-अभ्रे बदलले तरी पुरे. आठवडाभर राहणाऱ्याला मधे एकदा बदलून द्यावं. लहान मूल असेल, चादर वाळूने भरली असेल किंवा पाहुण्याने स्वतः मागितली, तर दिवस मोजत बसू नये.

उन्हाळ्यात पाणी कमी असेल तर पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावं, "इथं मे महिन्यात पाणी जपून वापरतो, चादर तिसऱ्या दिवशी बदलू, आधी हवी असेल तर सांगा." असं सांगितलं की बहुतेक लोक समजून घेतात. पण पाणी नाही म्हणून नव्या पाहुण्याला जुनी चादर देणं, हे कुणीच समजून घेणार नाही.

रेल्वेच्या ब्लँकेटवरून शिकण्यासारखं

रेल्वेच्या एसी डब्यातल्या ब्लँकेटवरून मधे बरीच चर्चा झाली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं, की ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं आणि आवरण म्हणून एक जादा चादर दिली जाते. त्याआधी 2017 मध्ये 'कॅग'च्या अहवालातही रेल्वेतल्या ब्लँकेटच्या स्वच्छतेवर ताशेरे होते.

यातून होमस्टेवाल्यांनी घ्यायचं ते एवढंच. जाड पांघरूण रोज धुणं मोठ्या यंत्रणेलाही परवडत नाही. म्हणून ते आणि माणसाचं अंग यांच्यामध्ये रोज धुता येईल असं पातळ कापड हवं. ते कापड नसेल तर पाहुण्याची शंका रास्त आहे.

धुवायचं कसं?

नुसतं पाण्यातून काढलं की धुतलं असं होत नाही. धुळीतले किडे, ढेकूण आणि खरजेचे किडे मारायला 60 अंशांच्या आसपासचं गरम पाणी लागतं. मशीनला गरम पाण्याची सोय असेल तर चादरी-अभ्र्यांना ती वापरावी. नसेल तर बंबातलं कढत पाणी बादलीत घेऊन, साबण टाकून अर्धा तास भिजवावं आणि मग धुवावं. हात घालवणार नाही इतकं ते पाणी गरम असतं, म्हणून काठीने ढवळावं आणि पोरांना लांब ठेवावं.

गरम पाण्याला टिकतात म्हणून पांढऱ्या किंवा फिकट सुती चादरी सोयीच्या. गडद रंगाच्या चादरी डाग लपवतात खऱ्या, पण रंग सोडतात आणि पाहुण्याच्या मनात शंका राहते. लोकरीचं ब्लँकेट मात्र गरम पाण्यात आकसतं, ते थंड पाण्यातच धुवावं.

डागांचंही गणित आहे. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात, गरम पाण्यात तो पक्का बसतो. खोबरेल तेलाच्या डागावर भांड्याचा साबण चोळावा. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नये. धुऊन कडक उन्हात टाकला की फिका पडत जातो. ब्लीच वापरायचं तर फक्त पांढऱ्या सुती कापडाला, बेताने, आणि ते संडास धुवायच्या ॲसिडात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू तयार होतो.

पावसाळ्यात वाळवायचं कुठं?

कोकणात धुण्यापेक्षा वाळवणं अवघड. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडवीत दोरीवर टाकलेली चादर दोन-दोन दिवस दमट राहते. दमट चादर घडी करून कपाटात गेली, की तिला आणि शेजारच्या चार चादरींनाही वास लागतो.

उपाय साधे आहेत. मशीनमध्ये दोनदा पिळून घ्यावं. एक खोली रिकामी असेल तर तिथं दोऱ्या बांधून पंखा लावावा, दोन चादरींमध्ये वीतभर अंतर ठेवावं. शेवटचा दमटपणा गरम इस्त्रीने काढावा, इस्त्रीच्या उष्णतेने उरलेसुरले किडेही मरतात. पावसाळ्यापुरत्या सुती आणि पॉलिस्टर मिश्र धाग्याच्या चादरी ठेवल्या तर त्या लवकर वाळतात.

ढेकूण : सगळ्यात महाग पाहुणा

ढेकूण घाणीमुळेच होतात असं नाही. ते पाहुण्यांच्या बॅगेतून येतात आणि अगदी स्वच्छ घरातही मुक्काम ठोकतात. म्हणून चादर बदलताना दर वेळी गादीची शिवण, कोपरे आणि पलंगाचे सांधे बघावेत. बारीक काळे ठिपके किंवा चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले तर ती खोली लगेच बंद करावी.

त्या खोलीतले कपडे हातावर टाकून घरभर फिरवू नयेत. तिथंच प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधावं आणि थेट गरम पाण्यात सोडावेत. नुसतं ऊन दाखवून ढेकूण जात नाहीत, ते शिवणीत आणि सावलीच्या बाजूला सरकतात. खोली महिना-दोन महिने बंद ठेवूनही भागत नाही, कारण रक्त न पिता ते कित्येक महिने तग धरतात. माहीतगार फवारणीवाल्याला बोलवावं. शेतातलं कीटकनाशक तर खोलीत मारूच नये, तिथं माणसं झोपायची असतात.

किती जोड हवेत, खर्च किती?

चादर न बदलण्याचं खरं कारण बहुतेक वेळा आळस नसतो, कपाटात दुसरी चादरच नसते. एका पलंगाला तीन जोड हवेत : एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चालू ठेवणार असाल तर चार.

समजा चार खोल्या आहेत. एका खोलीच्या दोन चादरी, दोन अभ्रे आणि दोन टॉवेल असे सहा नग. चार खोल्यांचे 24 नग म्हणजे सात किलोच्या मशीनची साधारण दोन धुणी. वरून कपडे टाकायच्या ऑटोमॅटिक मशीनला एका धुण्याला शंभर लिटरच्या आसपास किंवा जास्तही पाणी लागतं, समोरून दार असलेल्या मशीनला त्याच्या निम्म्याच्या जवळपास. शेवटच्या खळबळीचं पाणी माडांना सोडता येतं. ब्लीचचं पाणी मात्र झाडांना नको आणि विहिरीच्या आसपासही नको.

बाहेर धुवायला दिलं आणि नगाला 15 रुपये धरले, तर एका खोलीचे 90 रुपये होतात. खोलीचं भाडं 2,000 असेल तर हा खर्च पाच टक्क्यांच्याही आत बसतो. भाडं ठरवतानाच तो धरावा.

इथं एक गोष्ट सहसा हिशेबात येत नाही. घरी धुतलं म्हणजे फुकट धुतलं असं समजतात, पण ते 24 नग कोणीतरी धुतलेले असतात, आणि बहुतेक घरांत ती घरातली बाईच असते. स्वयंपाकही तीच करते. तिच्या कामाचे पैसे वहीत वेगळे लिहिले, तर मशीन घ्यायची की बाहेर द्यायचं, याचा निर्णय आपोआप होतो. गावातल्या पाच-दहा होमस्टेनी मिळून बचत गटाला काम दिलं तर पैसा गावातच राहील.

पाहुण्याने काय बघावं?

अंथरूण अमुक दिवसांनीच धुवावं असा आकडा कायद्यात लिहिलेला नाही. पण पैसे घेऊन सेवा दिली की ग्राहक संरक्षण कायदा 2019 लागू होतो. मळकं अंथरूण मिळालं आणि सांगूनही बदललं नाही, तर ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आपण बाहेरगावी गेलो तरी हेच करावं. खोलीत गेल्यावर बॅग पलंगावर न टाकता आधी चादर उचलून गादीची शिवण बघावी, उशीचा वास घ्यावा, आणि शंका आली तर सामान उघडण्याआधीच चादर बदलून मागावी. मागण्यात लाज कसली?

होमस्टेवाल्यांसाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कपाटाच्या दाराला एक वही टांगायची. खोली, तारीख, काय बदललं, गादीची शिवण बघितली की नाही, एवढ्या चारच रकान्यांची. महिनाभराने ती वही चाळली की कोणतं ब्लँकेट कधीपासून धुतलेलं नाही, हे कुणाला विचारायची गरज पडत नाही. आणि एखाद्या पाहुण्याने शंका काढलीच, तर शब्दाने शब्द वाढवण्यापेक्षा ती वही पुढे करता येते.