ताऱ्यांचे तेज

निरभ्र रात्री आकाशाकडे पाहिले, म्हणजे काही तारे ठळक, तर काही अगदी अंधुक दिसतात. सप्तर्षींतील वसिष्ठ सहज ओळखू येतो. परंतु त्याच्या शेजारची अरुंधती पाहण्यासाठी दृष्टी क्षणभर स्थिर करावी लागते. कोणता तारा अधिक तेजस्वी, हे डोळा सांगतो. पण किती पटींनी, हे मोजल्यावाचून कळत नाही.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमी या ज्योतिर्विदाने हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी केली. सर्वांत तेजस्वी तारे पहिल्या प्रतीचे व जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे, असे तिच्यात सहा वर्ग होते. १८५६ साली नॉर्मन पॉगसन याने या वर्गवारीला गणिताचा आधार दिला. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून शंभरपट तेजस्वी मानावा, असे त्याने सुचविले. त्यामुळे एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीचपट फरक, असे ठरले. हाच पॉगसन पुढे १८६१ पासून मद्रासच्या वेधशाळेत काम करीत होता.

या पद्धतीत अंक जितका लहान, तितके तेज अधिक. अभिजित ताऱ्याची प्रत जवळजवळ शून्य आहे. त्याहून तेजस्वी असलेल्या व्याधाची उणे १.५, पौर्णिमेच्या चंद्राची उणे १२.७, तर सूर्याची उणे २६.७ आहे. आज दुर्बिणीला जोडलेली उपकरणे ताऱ्याचा प्रकाश मोजतात. मग प्रत ठाऊक असलेल्या ताऱ्याशी त्याची तुलना केली जाते.

पण जो तेजस्वी दिसतो, तो खरोखरच तेजस्वी असतो काय? दूरच्या मशालीपेक्षा जवळची पणती अधिक उजळ भासते. अंतर दुप्पट झाले, की आपल्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश चौथाईवर येतो. मृग नक्षत्रातील राजन्य हा तारा व्याधापेक्षा मंद दिसतो. परंतु तो व्याधाच्या सुमारे शंभरपट दूर आहे. तो व्याधाच्या जागी आणला, तर आजच्यापेक्षा दहा हजारपट तेजस्वी दिसेल आणि शुक्राचे तेजही त्याच्यापुढे फिके पडेल!

म्हणून खरी तुलना करण्यासाठी ज्योतिर्विद सर्व तारे ३२.६ प्रकाशवर्षांच्या सारख्याच अंतरावर आहेत, अशी कल्पना करतात. त्या अंतरावरून जी प्रत दिसेल, तिला निरपेक्ष प्रत म्हणतात. आपल्या सूर्याची निरपेक्ष प्रत ४.८ आहे. म्हणजे ज्याच्याकडे आपल्याला डोळे उघडून पाहवत नाही, तो सूर्य तेथून अरुंधतीहूनही मंद दिसेल! केवळ दिसण्यावरून कोणाची योग्यता ठरवू नये, हे ताऱ्यांच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.