गोळी किती लांबून सुटली?

शर्ट काळा असला की काम वाढतं. वाळलेल्या रक्तानं कडक झालेल्या काळ्या कापडावर काजळी दिसतच नाही. इन्फ्रारेड फोटो काढावा लागतो. भोकाभोवती काजळी आणि त्यापलीकडे न जळलेल्या दारूचे कण, या दोन्हींच्या पसाऱ्यावरून अंतर काढायचं. पिस्तुलाची काजळी साधारण फुटाच्या आत संपते, कण दोन-तीन फुटांपर्यंत जातात. त्यापुढे भोकाशिवाय फारसं काही हाती लागत नाही.

कण दिसेनासे झाले तरी दारू जळून उरलेलं नायट्राइट पकडता येतं. रसायन लावलेला फोटोचा कागद टेबलावर पसरतात, त्यावर शर्ट पालथा, वर अ‍ॅसेटिक आम्लात भिजवलेलं फडकं आणि मग चक्क इस्त्री! व्हिनेगरसारखा वास नाकात भरतो. शर्ट उचलला की खाली कागदावर नारिंगी ठिपके. शिशाची चाचणी त्यानंतर.

ठिपक्यांवरून लगेच अंतर सांगता येत नाही. जप्त केलेल्याच हत्यारातून, तशाच काडतुसांनी, पांढऱ्या कापडावर सहा इंचांवरून, बारावरून, अठरावरून गोळ्या झाडतात आणि ते नमुने शर्टाशेजारी मांडतात. गावठी कट्टा असेल तर पुस्तकातले आकडे बाजूलाच ठेवावेत. ओबडधोबड नळीतून दारू कशी उडेल याचा नेम नाही. म्हणून अहवालात नेमका आकडा नसतो, ‘इतक्या ते इतक्या अंतरावरून’ असं असतं. वकिलांना हे आवडत नाही.

1959 च्या नानावटी खून प्रकरणात गोळ्या लागून मेलेल्या प्रेम आहुजांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर दारूचं काळं गोंदण होतं. म्हणजे नळी जवळ होती. पण झटापट झाली का? ते गोंदण सांगत नाही. सुप्रीम कोर्टाला त्यासाठी मृताच्या कमरेला तसाच राहिलेला टॉवेल विचारात घ्यावा लागला.

जालन्यातल्या एखाद्या गुन्ह्यातला शर्ट छत्रपती संभाजीनगरच्या किंवा मुंबईत कलिन्याच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत निम्मा पुरावा झडून गेलेला असू शकतो. जखमीला वाचवायच्या धांदलीत कात्री नेमकी भोकातून जाते, ओला शर्ट घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला जातो, बुरशी धरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या कायद्यात, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जावं, अशी तरतूद आहे. पण शर्ट तोवर दवाखान्यात गेलेला असतो. तिथल्या ब्रदरला एवढंच सांगून ठेवायला हवं: भोक सोडून कापा, सावलीत वाळवा, कागदात गुंडाळा.