झऱ्याचे पाणी आणि बाबांची बाटली

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आले होते. ऑलगॉयच्या डोंगरात फिरताना वाटेत एक झरा लागला. महाबळेश्वरचे गोमुख आठवून बाबांनी हात जोडले, बाटली भरली आणि चार वर्षांच्या नातीलाही पाजली. "डोंगरातलं थंडगार पाणी, त्यात काय असणार?" मी काही बोललो नाही, खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते.

चौथ्या दिवशी मुलीला ताप आणि जुलाब सुरू झाले. रात्री जुलाबात रक्त दिसले तेव्हा आमचे धाबे दणाणले. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू निघाले. ते त्याच पाण्यातून आले हे सिद्ध झाले नाही, पण बाबांनाही त्याच दिवसांत त्रास झाला.

झऱ्याच्या वर कुरणे असतात, तिथे उन्हाळाभर गाई चरतात. पाऊस पडला की शेण वाहून खाली येते. मातीच्या जाड थरातून पाणी सावकाश झिरपले तर बरेचसे गाळले जाते. चुनखडीच्या डोंगरात मात्र ते भेगांतून झपाट्याने उतरते. गारठ्याने जंतू मरत नाहीत, उलट हे जंतू थंड पाण्यात जास्त तग धरतात. नितळपणावरून काहीच कळत नाही.

जर्मनीत नळाच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू एकही चालत नाही. या कडक शिस्तीमागे इतिहास आहे. १८९२ मध्ये हाम्बुर्गमध्ये एल्बे नदीचे न गाळलेले पाणी नळाला येत असे. कॉलऱ्याने सुमारे ८,६०० माणसे गेली. शेजारच्या आल्टोनात तेच पाणी वाळूतून गाळत, तिथे साथ फारशी पसरली नाही. पाहणीला आले होते रॉबर्ट कॉख, ज्यांनी १८८४ मध्ये आपल्या कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूंची खात्री करून घेतली होती.

'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तर पाणी पिऊ नये. पाटी नसली म्हणजे ते पिण्याजोगे, असेही नव्हे. प्यायचेच तर खळखळून १ मिनिट, २,००० मीटरच्या वर ३ मिनिटे उकळावे. स्वयंपाकघरातल्या फिल्टरच्या जगने जंतू जात नाहीत.

खर्चाचेही सांगतो. बाबांचा प्रवास विमा होता. डॉक्टरांचे बिल आधी आम्ही भरले, पावत्या पाठवल्यावर पैसे मिळाले. आई-वडिलांना बोलावताना हा विमा टाळू नका. शिवाय ६ वर्षांखालील मुलाला सांसर्गिक जुलाबांची शंका असली तरी डॉक्टरांनी हरकत नाही म्हणेपर्यंत किंडरगार्टनमध्ये पाठवता येत नाही, म्हणजे आपली रजा गेलीच.

जुलाबात रक्त दिसले तर जुलाब थांबवणारी गोळी घरच्या घरी देऊ नका. दवाखाना बंद असेल तर ११६११७ ला फोन करा; मूल मलूल पडले, लघवी होईनाशी झाली तर थेट ११२.